सुदाम्याचे वकील



वैशाखातली संध्याकाळ आहे. घरोघर आंब्याच्या अढ्या लागल्या आहेत, आणि अढीकडे पाठ फिरवून व्याख्यानाला येणे हा रत्नागिरीकराच्या बाबतीत लहानसहान त्याग नव्हे. त्या त्यागाला साजेसे काही माझ्या हातून होईल असे आश्वासन मी देत नाही. वकील आश्वासन देतो तेव्हा फी आगाऊ घेतो, आणि चालकांनी मला नारळाखेरीज काही कबूल केलेले नाही.

विषय ठरवताना मी चालकांना म्हणालो, "कोर्टाला सुट्टी आहे, तेव्हा एका वकिलाविषयीच बोलतो." त्यावर त्यांनी तत्काळ 'लोकमान्यांचा लॉ क्लास' असे लिहून घेतले. त्यांचा दोष नाही. या गावात वकील आणि व्याख्यान हे दोन शब्द शेजारी आले की तिसरा शब्द टिळक हाच यायचा. मला मात्र बोलायचे होते ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांविषयी. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी वकिली करता करता ज्यांनी मराठी माणसाला स्वतःकडे पाहून हसायची सवय लावली, त्या तात्यासाहेब कोल्हटकरांविषयी.

हे नाव एकाएकी का आठवले, ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या बार रूममध्ये एक शोकसभा झाली. गेलेले गृहस्थ आमच्यातले सर्वांत वडील वकील. चाळीसएक वर्षे वकिली केलेली, गणेशोत्सवासाठी दोन-तीन फार्स लिहिलेले, आणि बोलण्यात असे तिखट की त्यांच्याशी वाद हरलेला माणूससुद्धा बाहेर येऊन त्यांचेच वाक्य चारजणांना ऐकवी. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, घरच्या मंडळींना ते रुचायचे नाही. सभेत एकामागून एक जण उठला आणि त्यांचे विनोद सांगू लागला. आम्ही जुनी मंडळी पोट धरून हसलो. डोळेही पुसले. मागच्या बाकांवर बसलेली नवी वकील मुले मात्र सभ्यपणे बसून होती. एकही हसला नाही. शेवटी एका वक्त्याने हात टेकले आणि म्हणाला, "तुम्ही त्या वेळी तिथे असायला पाहिजे होतात."

हे वाक्य माझ्या मनातून काही केल्या जाईना. कवी गेला तर कविता म्हणून दाखवता येते. गवय्या गेला तर हल्ली त्याचे गाणे ध्वनिमुद्रित असते. पण विनोदी माणूस जाताना आपल्याबरोबर न्यायाधीशाचा तो चेहरा, ती तपकिरीची डबी, वाक्यापूर्वीचा तो अर्ध्या क्षणाचा थांबा असे सगळेच घेऊन जातो, आणि आपल्या हाती नुसते शब्द राहतात. त्या रात्री घरी येऊन मी फळीवरचे 'सुदाम्याचे पोहे' काढले. मनात विचार असा, की ज्या वकिलाचा विनोद कागदावर राहिला त्याचे तरी काय झाले, ते पाहू.

कोल्हटकरांचे चरित्र थोडक्यात सांगून मोकळा होतो. जन्म २९ जून १८७१, नागपूरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८९१ साली बी. ए., पुढे १८९७ साली वकिलीची परीक्षा. त्यांच्याहून वर्षाने लहान असलेले नरसिंह चिंतामण केळकर हेही जवळजवळ त्याच काळात त्याच कॉलेजात होते. गंमत पाहा, दोघेही वकील झाले, दोघेही नाटककार झाले, दोघांनाही लोक तात्यासाहेब म्हणू लागले. केळकरांना टिळकांनी पुण्यास बोलावून घेतले, त्यामुळे त्यांची साताऱ्याची वकिली सुटली ती कायमची. कोल्हटकरांना कोणी बोलावले नाही. ते अकोल्यास, मग खामगावास, आणि पुढे जळगाव-जामोद येथे वकिली करीत राहिले.

खानदेशातल्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदचे नाव ज्याला जोडून घ्यावे लागले, असे हे बुलढाणा जिल्ह्यातले गाव आहे. उत्तरेला सातपुडा. आगगाडी धरायची तर नांदुऱ्यापर्यंत यायचे. तेथे नाटकमंडळीचे बिऱ्हाड नाही, मासिकाची कचेरी नाही, साहित्यिकांचा अड्डा नाही. किर्लोस्कर मंडळीसारखी नामांकित कंपनी ज्यांचे 'वीरतनय' १८९६ साली आणि 'मूकनायक' १९०१ साली रंगभूमीवर आणते, ते नाटककार दिवसभर काय ऐकत होते? अमक्याने धुरा कोरला, तमक्याने बैल हाकलून नेला, सावकाराने पावती दिली नाही. पुण्या-मुंबईची मंडळी याला वनवास म्हणत असतील. मला मात्र वाटते, की कोल्हटकरांना जे लेखन साधले ते याच वनवासात साधण्यासारखे होते.

माझ्या म्हणण्याचा आधार असा. कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख 'विविधज्ञानविस्तारा'त १९०२ साली आला. त्याचे नाव काय? 'साक्षीदार'.

आता कोर्टाशी ज्यांचा संबंध आलेला नाही अशा भाग्यवान श्रोत्यांसाठी थोडे विषयांतर करतो. साक्षीदाराची पहिली तपासणी त्याच्या बाजूचा वकील करतो, ती सरतपासणी. मग विरुद्ध बाजूचा वकील उठतो, ती उलटतपासणी. नवशिक्या वकिलाला वाटते की उलटतपासणी म्हणजे साक्षीदारावर ओरडणे, त्याला खोटा म्हणणे. मुरलेला वकील तसे काही करीत नाही. तो साक्षीदाराशी गोड बोलतो, त्याच्या म्हणण्याला मान डोलावतो, आणि त्याला आणखी बोलू देतो. साक्षीदार खुलतो, पदरची माहिती घालतो, आपल्या गोष्टीला मजले चढवतो. शेवटी ती इमारत आपल्याच वजनाने खाली येते आणि वकील म्हणतो, "मला आणखी काही विचारायचे नाही."

हे सगळे ज्या पुराव्याच्या कायद्याखाली चाले तो १८७२ सालचा. म्हणजे कोल्हटकर त्या कायद्याहून वर्षाने वडील. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नव्या भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. कलमांचे आकडे बदलले. साक्षीदार मात्र होता तोच आहे.

कोल्हटकरांनी केले ते असे, की अवघा जुना समाज त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला. त्यांच्या आधीही रूढींवर टीका झाली होती, आणि ती करणारे लहान लोक नव्हते. लोकहितवादींनी कान उपटले होते, आगरकरांनी तर्काचे घाव घातले होते. पण ही सारी सरकारी वकिलाची भाषणे होती. आरोपीला वाटे, हा माझा शत्रू आहे, आणि तो कान बंद करी. कोल्हटकरांनी वकीलपत्र घेतले तेच मुळी आरोपीचे. त्यांचा सुदामा सुधारक नाही. तो जुन्या वळणाचा, श्रद्धाळू, रूढीचा अभिमानी गृहस्थ आहे, आणि बंडूनाना व पांडूतात्या हे त्याचे दोघे सोबती त्याच्याहून सवाई आहेत. हे तिघे मिळून शकुनाचे, श्राद्धाचे, सोवळ्याओवळ्याचे इतके मनापासून समर्थन करतात, की ते समर्थन ऐकून झाल्यावर त्या गोष्टीत समर्थन करण्याजोगे काही उरत नाही. लेखक कोठेही पुढे येऊन 'हे वाईट आहे' असे म्हणत नाही. त्याला आणखी काही विचारायचे नसते.

त्यांच्या लेखातले उतारे मी वाचून दाखवणार नाही. ते एकट्याने, सावकाश वाचायचे लेखन आहे, माझ्या आवाजाने त्याचा विरस होईल. त्याऐवजी आमच्याच कोर्टातला एक मासला सांगतो. दावा एका गडग्याचा होता. गडगा कोणाचा हा प्रश्न नव्हता, गडग्यावर झुकलेला फणस कोणाचा हा होता, आणि फणसावरून दोन घराण्यांत तीन पिढ्या बोलाचाली बंद होती. साक्षीदार एक वृद्ध गृहस्थ. मोजणीच्या दिवशी ते हजर का नव्हते, असा प्रश्न निघाला. म्हणाले, "निघालो होतो. मांजर आडवे गेले, परत फिरलो." आमचे ते ज्येष्ठ वकील उलटतपासणीस उठले. अतिशय आदराने त्यांनी विचारले, "आजोबा, मग त्या दिवशीचे काम झाले का?" "कसे होणार? मी गेलोच नाही." "म्हणजे मांजराने सुचवले होते ते खरे ठरले तर?" आजोबांचा चेहरा उजळला. "अगदी खरे ठरले! आमच्याकडे ते कधी चुकत नाही." न्यायाधीशांनी मान खाली घालून बराच वेळ काही तरी लिहिले. आजोबांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिले, की या वकिलानेच आपली बाजू नीट समजून घेतली. पुढे भेटले की ते आमच्या ज्येष्ठांना नमस्कार करीत.

हा मासला कोल्हटकरांचा नाही, पण सुदाम्याला तो आपल्याच घरातला वाटला असता. त्यात दुष्टावा नाही, हे मला विशेष वाटते. जो हसला गेला तो दुखावला गेला नाही.

१९१० साली या लेखांचा पहिला संग्रह निघाला, त्याचे नाव 'अठरा धान्यांचे कडबोळे'. लेख अठराच होते. पुढे त्यांत भर पडत गेली आणि 'सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी' हे नाव आले. लेख बत्तीस, आणि हसताना दिसणारे दातही बत्तीस. कोटी करण्याची एकही संधी हा माणूस सोडीत नसे, स्वतःच्या पुस्तकाच्या नावावरही. त्यांतला एक लेख आहे 'चोरांचे संमेलन'. त्या काळी जो उठे तो आपापल्या वर्गाचे संमेलन भरवी, ठराव करी, आणि आभार मानून पांगे. चोरांनीच काय घोडे मारले होते? हा लेख लिहिणाऱ्या माणसाला मराठी साहित्यिकांनी १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष केले. साहित्यिकांनी तो लेख वाचला होता की नाही कोण जाणे. वाचूनही केले असेल, तर ते त्यांच्या मोठेपणाला शोभून दिसले, एवढे मी म्हणेन.

आता कोकणातल्या श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न येईल. तो यायलाच हवा. हसून समाज बदलतो का?

याच जिल्ह्यातल्या मालगुंडच्या केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली ती १८९३ साली. त्याच वर्षी आमच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, आणि गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे या रत्नागिरीत सावरकर स्थानबद्ध होते, त्यांनी रोटीबंदी-स्पर्शबंदीविरुद्ध मोहीम उघडली आणि १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. एकाने तुतारी फुंकली, एकाने स्वतःच्या संसाराची किंमत मोजली, एकाने गल्लीगल्लीतून वाद घातले. यांच्या शेजारी वऱ्हाडात बसून हसणारा वकील म्हणजे तटावर उभे राहून लढाई पाहणारा, असे कोणी म्हटले तर त्याला एकदम खोडून काढता येत नाही.

त्यावर माझ्या घरातली एक आठवण सांगतो. आमचे आजोबा कडक संकष्टी करीत. चंद्रोदय होईपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत. त्या वेळात मन रमावे म्हणून ते माजघराच्या उंबऱ्याशी बसून पुस्तक वाचीत, आणि ते पुस्तक पुष्कळदा 'सुदाम्याचे पोहे' असे. उपास सोडायला चंद्राची वाट पाहणारा माणूस, अंगावर सोवळे, आणि उपासतापासांची थट्टा वाचून खांदे हलताहेत. आजी आतून ओरडे, "हसू नका, घसा कोरडा पडेल." लहानपणी मला याचा काही उलगडा होत नसे. हे हसतात तर उपास का करतात, आणि उपास करतात तर हसतात कसे? आजोबांनी उपास सोडला नाही. शेवटपर्यंत केला. पण आत्याला नवरा गेल्यावर घरी आणली, तेव्हा तिचे केस काढावेत म्हणून नातलग बसले होते, त्यांच्यापुढे आजोबा एवढेच म्हणाले, "हे बंडूनानाला शोभेल. मला नाही." आणि उठून आत गेले. नातलगांना बंडूनाना ठाऊक होता. कोणी पुन्हा तो विषय काढला नाही.

यावरून मी सिद्धांत काढीत नाही. एका घरातली एक गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे वकिलाला सांगायला नको. पण आगरकरांचे वाक्य त्या दिवशी तिथे कोणी ऐकून घेतले असते असे मला वाटत नाही. बंडूनानाचे नाव घेताच वाद घालण्यासारखे काही राहिले नाही, कारण आपण कोणासारखे दिसतो आहोत ते प्रत्येकाला दिसले.

स्मरणाच्या सभेत गुणच सांगायचे अशी रीत आहे. कोल्हटकरांच्या बाबतीत ती पाळली तर त्यांचाच अपमान होईल, कारण ते स्वतः मोठे परखड परीक्षक होते. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' नाटकाचे त्यांनी केलेले परीक्षण आजही वकिलीच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. एका तात्यासाहेबाने दुसऱ्या तात्यासाहेबाच्या फिर्यादीतले कलमन् कलम तपासले आहे, आणि दोघांचा स्नेह शाबूत. तेव्हा त्यांच्याच रीतीने बोलतो.

कोल्हटकरांची नाटके आज कोणी करीत नाही, आणि त्यात प्रेक्षकांचा फारसा अपराध नाही. कथानके गुंतागुंतीची, पात्रे वेषांतर करून वावरणारी, आणि जो तो कोटी करणारा. राजा कोटी करतो, नोकर कोटी करतो, नायिका दुःखाने व्याकूळ झाली असतानाही शब्दाचे दोन अर्थ तिच्या ध्यानात असतात. खरी माणसे इतकी सतत हुशार नसतात. मद्यपान, स्त्रीशिक्षण, पुनर्विवाह असे जळते विषय त्यांनी रंगभूमीवर आणले, पण ते चुलीतले निखारे रेशमी रुमालात बांधून आणावेत तसे. ('मूकनायक' हे नाव ऐकून आंबेडकरांचे १९२० सालचे पत्र ज्यांना आठवेल त्यांच्यासाठी सांगतो, या नाटकाचा त्याच्याशी संबंध नाही.) संगीतात त्यांनी किर्लोस्करी वळण सोडून पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या नव्या चाली आणल्या, आणि त्या काळी ते गाजलेही. पण चाल वाहून गेली की नाटकाला उभे राहायला दुसरा खांब लागतो, तो तेथे कच्चा होता.

विनोदाविषयीही एक तक्रार राहते. सुदाम्याचे जग पांढरपेशा घराच्या ओटीपासून माजघरापर्यंतचे आहे. ज्या शेतकऱ्यांचे, मजुरांचे खटले त्यांनी जन्मभर चालवले, त्यांचे हसणे-रडणे त्या पोह्यांत फारसे उतरलेले नाही. ज्यांना वाड्याबाहेर उभे केले होते त्यांनी सोवळ्याकडे कसे पाहिले असते, हे सुदाम्याला ठाऊक नव्हते, आणि त्याच्या वकिलाने त्याला तो प्रश्न विचारला नाही. एवढी उलटतपासणी बाकी राहिली.

पण आता मी आपल्याला त्यांच्या शिष्यांकडे नेतो. या माणसावर लोकांनी किती जीव लावला होता ते तेथे दिसते.

राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत होते तेव्हा कोल्हटकरांची नाटके तेथे होत असत. गडकऱ्यांनी त्यांना गुरू मानले, आणि मानले ते गडकऱ्यांच्या पद्धतीने, म्हणजे हातचे न राखता. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या या त्रिकुटासमोर त्यांनी आपले बाळकराम, तिंबूनाना आणि भांबूराव उभे केले. शिष्याचा विनोद गुरूपेक्षा धसमुसळा, पण त्यात रक्त जास्त. वाचक गुरूकडून शिष्याकडे धावले. दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या कपाळाला आठी पडली असती. कोल्हटकरांना कौतुकच वाटत राहिले. आणि मग २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी गेले, वयाची चौतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे पंधरा वर्षे गुरूने शिष्याशिवाय काढली. ज्याने आपले श्राद्ध करावे त्याचे आपण स्मरण करीत बसायचे, यावर सुदाम्यालाही काही सुचले नसते.

दुसरे शिष्य आपल्या ओळखीचे. १९२० साली एक तरुण मास्तर शिरोड्याच्या शाळेत रुजू झाला आणि १९३८ पर्यंत तेथे राहिला. शिरोडे आज सिंधुदुर्गात आहे, तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. हे मास्तर म्हणजे विष्णु सखाराम खांडेकर. खांडेकरांची पुढची कीर्ती गंभीर कादंबरीकाराची, 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळाले ती. पण त्यांनीही गुरू मानले ते कोल्हटकरांनाच. शिरोडे कुठे, आणि नांदुऱ्याला उतरून जायचे जळगाव-जामोद कुठे! एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला सातपुडा. मध्ये काय होते? टपाल, मासिके, आणि एका आडगावच्या वकिलाने दुसऱ्या आडगावच्या मास्तराला वाटू दिलेला विश्वास, की लिहिण्यासाठी पुण्यास बिऱ्हाड करावे लागत नाही. कोल्हटकरांच्या सगळ्या ग्रंथांत हा विश्वास मला मोठा वाटतो. आपल्यासारख्या गावातल्या लिहिणाऱ्यांना अजून तो पुरतो.

गडकऱ्यांचे शिष्य अत्रे. म्हणजे जळगाव-जामोदच्या त्या वकिलाच्या खोलीत उगम पावलेले पाणी तीन पिढ्या वाहत आले. आपण अत्र्यांच्या सभेला हसलो असू, किंवा वडीलधाऱ्यांना हसताना पाहिले असेल, तर त्या हसण्यातला काही अंश कोल्हटकरांचा होता. हसताना तो ओळखू आला नाही इतकेच.

ते स्वतः मात्र अखेरपर्यंत कामात होते. ज्योतिर्गणिताचा त्यांचा व्यासंग मोठा. ग्रहांच्या गतीचे गणित तासन् तास करायचे, आणि ग्रहांच्या दशेला भिणाऱ्या लोकांना हसायचे, यात त्यांना विसंगती वाटत नसे, आणि ती नव्हतीही. महाराष्ट्राचे गुणगान करणारे त्यांचे गीत आपण शाळेत उभे राहून म्हटले आहे, पण कवीचे नाव विचारले तर शंभरात किती हात वर होतील ते मी येथे अजमावून पाहत नाही. १ जून १९३४ रोजी ते गेले. त्रेसष्ट वर्षे पुरी व्हायला अठ्ठावीस दिवस कमी होते. 'आत्मवृत्त' पुढच्या वर्षी, १९३५ साली, प्रसिद्ध झाले.

सुरुवातीला मी म्हणालो होतो, की कागदावर राहिलेल्या विनोदाचे काय झाले ते पाहायला मी पुस्तक उघडले. जे झाले ते सांगतो. मी हसलो. मग ते पुस्तक माझ्या नातीला दिले. ती कॉलेजात आहे, चौकस आहे. दोन दिवसांनी तिने ते परत आणले, आत पेन्सिलीने केलेल्या खुणा. मुकटा म्हणजे काय? आचमन कसे करतात? विटाळ झाला की नेमके काय होई? मी एकेक सांगत गेलो. सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की कोल्हटकर जिंकलेले खटले आहेत हे. ज्या गोष्टीला हसायचे ती गोष्टच घरातून गेली, म्हणून हसू येत नाही. यापेक्षा चांगला निकाल कोणता वकील मागेल?

पण मग पान उलटून ती म्हणाली, "हे मात्र समजले." काय समजले? मुहूर्त पाहिल्याशिवाय पाऊल न उचलणारा माणूस. आणि तिने आमच्याच ओळखीतल्या एका घराचे उदाहरण दिले, जेथे नवी मोटार पंधरा दिवस मुहूर्तासाठी दारात उभी होती आणि मालक रिक्षाने कचेरीत जात होता. बंडूनाना मेलेला नाही. त्याने मोटार घेतली आहे.

आणि सगळेच काही हसण्यावारी नेण्यासारखे राहिलेले नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेले असता गोळ्या घातल्या. ते ज्यासाठी वर्षानुवर्षे झगडत होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. कायदा हवा होता, वकील म्हणून मी ते ठासून सांगेन. अघोरी प्रकाराला कलम लागते, विनोद लागत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एक वकील याच समाजाची, त्याच्या देवधर्माच्या नावावर चाललेल्या वेडेपणाची, मासिकातून उघड थट्टा करीत होता. आणि तो समाज काय करीत होता? वर्गणी भरून ते मासिक घेत होता, संकष्टीच्या दिवशी उंबऱ्यावर बसून ते वाचत होता, आणि शेवटी त्याच माणसाला संमेलनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवत होता. कोल्हटकर शूर होते की तो वाचक मोठा होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोन्ही बाजूंनी पुरावा आहे.

माझा वेळ संपत आला, अध्यक्षांनी घड्याळ दोनदा पाहिले. पुस्तक मी बरोबर आणले आहे, येथे टेबलावर ठेवतो. प्रत आजोबांची आहे, बांधणी सुटलेली आहे, आणि नातीच्या खुणा आत आहेत. सभा संपल्यावर ज्यांना चाळायचे असेल त्यांनी खुशाल चाळावे, पण पाने ओल्या हाताने उलटू नयेत. घरी नेऊ इच्छिणाऱ्यांनी नाव लिहून ठेवावे. मागे एकाने न लिहिता नेले होते. ते परत मिळवायला मला सात वर्षे लागली, आणि ते सुद्धा त्याच्या चिरंजीवांच्या मुंजीत.